तोंड हलव

ऑर्केस्ट्राच्या धंद्यात ट्रॅक दोन प्रकारचे असतात. मायनस म्हणजे नुसतं संगीत, गाणाऱ्यानं वरून गायचं. प्लस म्हणजे संगीतासकट गाणाऱ्याचा आवाजही आधीच भरून ठेवलेला. प्लस लावला की गाणाऱ्यानं फक्त उभं राहायचं, हात उडवायचे आणि ओठ जुळवायचे. लग्नाच्या स्वागत समारंभात, दुकानांच्या उद्घाटनात तुम्ही ज्यांच्यावर टाळ्या उधळल्यात त्यांच्यातल्या कितीजणी प्लसवर होत्या, ते मला विचारू नका. मी होते, एवढं सांगते.

नावं कुणाचीच लिहिणार नाही. माझं एकेकाळी पोस्टरवर माझ्या तोंडापेक्षा मोठं छापलेलं असायचं, त्यामुळे ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. दादाचं नाव पोस्टरवर कधीच नसायचं, आणि बाकी सगळं त्याचंच असायचं.

आम्ही खापरखेड्याचे. वडील वीज केंद्रात कोळशाच्या विभागात होते. कॉलनीत राहायचं म्हणजे राखडीशी, जळल्या कोळशाच्या उडत्या राखेशी संसार; दोरीवरचा कपडा झटकल्याशिवाय कुणी अंगात घालत नसे. रविवारी विहारात वंदनेला मात्र सगळ्या बायका पांढऱ्या लुगड्यात यायच्या, ती इतकी पांढरी कशी राहायची देव जाणे. देव जाणे म्हटलेलं मायला खपलं नसतं. माय सगळ्यांच्या पुढे बसायची, कारण सूर धरायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. मी तिच्या मांडीला चिकटून बारीक आवाजात म्हणायचे, तर कोपरानं ढोसायची.

"पोटातून म्हण वं. गळा काय नुसती पोत घालाले देला काय तुले?"

माझं संगीताचं शिक्षण एवढंच. पुढं मुलाखतींमध्ये मी कुठल्या तरी गुरूंकडे शिकले असं सांगायचे, ते गुरू दादानं बनवले होते.

वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. त्यानं साउंडचा धंदा धरला होता. स्पीकरचे दोन खोके, एक मिक्सर, वायरींची एक पेटी. जयंतीच्या कार्यक्रमात त्यानं मला पहिल्यांदा स्टेजवर चढवलं. माईक मला उंच पडायचा म्हणून सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट उलटा टाकला, आणि तो डुगडुगतो म्हणून माझं गाणं संपेपर्यंत मागे उकिडवा बसून दोन्ही हातांनी धरून ठेवला. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. पुढचं वाचून तुम्ही त्याला शिव्या द्याल, आणि त्या मला सहन होणार नाहीत. त्याला शिव्या द्यायचा हक्क माझा एकटीचा आहे.

मग ते गाणं आलं. सासरी निघालेली मुलगी आईला विचारते, मला इतक्या लांब काहून धाडतेस, आणि मागून बायका तिची समजूत काढतात, रडू नोको बाई, रडू नोको वं. एवढंच गाणं, आपल्या मले-तुलेच्या बोलीतलं. नागपूरच्या एका छोट्या स्टुडिओत एका दुपारी भरलं आणि दादानं आपल्या चॅनलवर टाकलं. पहिले काही दिवस आम्ही तिघंच ते पाहत होतो. मग कुठल्याशा लग्नाच्या पाठवणीत कुणी तरी ते लावलं, नवरीचा बाप हमसून रडला, त्याचा व्हिडिओ फिरला, आणि त्या सिझनला विदर्भात एकही मुलगी माझ्या गाण्याशिवाय सासरी गेली नाही. माझं स्वतःचं लग्न मात्र ठरता ठरता दादानं मोडलं. "पाठवणीचं गाणं म्हणणारी पोरगी घरीच पाहिजे," तो म्हणाला, "तुयंच लग्न झालं तं लोकाईले रडू कायचं येईन?" मी हसले होते. मला खरंच हसू आलं होतं.

एकदा नाव झालं की प्रत्येक गोष्टीला नियम लागला. लोणचं नाही, थंड नाही, उन्हात उभं राहणं नाही. फोन दादाकडे, चॅनलचा पासवर्ड दादाकडे, कपड्यांची पेटी दादाकडे. शाळेत 'मले' म्हटलं की बाई छडी उगारायच्या. आता स्टेजवर 'मले' म्हणायचं, मुंबईच्या लोकांशी बोलताना 'मला', आणि कुठं काय ते गाडीत बसताना दादा सांगायचा. एकदा मी चुकून एका मुंबईच्या बाईंना "तुमाले चहा सांगू काय?" म्हटलं, तर त्या इतक्या खूश झाल्या की दादानं ते पुढच्या सगळ्या मुलाखतींसाठी पक्कं करून टाकलं. माझी चूकसुद्धा माझी राहिली नाही.

तुम्ही म्हणाल, मग निघून का गेली नाहीस? जो माणूस कोंडून ठेवतो तोच रोज सकाळी मीठ टाकून कोमट पाणी आणतो, घोट घोट प्यायला लावतो, तुमच्या आधी स्वतः पिऊन बघतो, फार गरम तर नाही ना म्हणून. तेव्हा कोंडलं आहे हे कळत नाही. मला तर ते लाडच वाटायचे.

प्लसची सुरुवात अशीच लाडात झाली. एका कार्यक्रमाच्या दिवशी माझा घसा पार बसला. मी रडकुंडीला आले. दादा म्हणाला, "काहून घाबरून राहिली? मी प्लस लावतो. तू तोंड हलव, बाकी मी पाहून घेतो." त्यानं मिक्सरवर माझा माईक बंद केला आणि गाणं सोडलं. लोकांना कळलं नाही. उलट एकजण म्हणाला, आज आवाज काय लागला होता! पुढच्या वेळी घसा बरा होता, तरी दादा म्हणाला, कायले रिस्क घ्यायची. त्यानंतर माझा माईक फक्त "कसे आहात नागपूरकर" म्हणण्यापुरता उघडायचा आणि लगेच बंद व्हायचा. बंद माईकसमोर उभं राहिलं की स्वतःचा श्वास स्पीकरमधून येत नाही. सुरुवातीला ते फार चमत्कारिक वाटायचं, पुढं मी श्वास ऐकायचंच विसरले. ओठ जुळवायचे तर कान फक्त आपल्या भरलेल्या आवाजाकडे ठेवावे लागतात. बाकी गाण्यात काय चाललंय याच्याशी आपला संबंध नसतो.

मायला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती एका कार्यक्रमाला आली, पहिल्या रांगेत बसली. घरी आल्यावर भाकरी थापता थापता म्हणाली,

"आज तू म्हटलंच नाही."

"म्हटलं की वं माय. एवढे लोक काय येडे आहेत?"

"पोट नाही हाललं तुयं."

त्यानंतर ती एकाही कार्यक्रमाला आली नाही. घरी मात्र मागे लागायची. भाजी निवडताना, कपडे झटकताना, "एक म्हण ना वं." मी म्हणायला लागले की बाहेरच्या खोलीतून दादाची हाक यायची, घरी आवाज खराब नोको करू. माय त्याला म्हणाली होती, "तिले म्हणू दे रे बाबू, आवाज कायी तेल आहे का संपाले?" पण दादाचं म्हणणं एकच, माय, तुले नाही समजत, लोकाईले आता प्युअर पाहिजे. ती गप्प झाली. ती चिडली की बोलायची आणि दुखावली की गप्प व्हायची, हे आम्हा दोघांनाही चांगलं माहीत होतं.

कळमेश्वरला चपलांच्या एका मोठ्या दुकानाचं उद्घाटन होतं. लोकांना चपलांच्या दुकानातही पाठवणीचंच गाणं पाहिजे होतं, आता याला काय म्हणावं. भर दुपारी, दुकानासमोर मांडव टाकलेला. सकाळी निघताना माय खाटेवर पडूनच होती, छातीत जड वाटून राहिलं म्हणाली. शेजारच्या मावशींनी सांगितलं, तुम्ही जा, मी आहे. मी दादाला म्हटलं, आज नको जायला. तो म्हणाला, तासाभराचा तर रस्ता आहे, गाणं झालं की लगेच निघू.

माझी तीन गाणी होती. दुसऱ्या गाण्यात मी दादाकडे पाहिलं तर तो फोन कानाला लावून मांडवाबाहेर जात होता. परत आला आणि मिक्सरमागे उभा राहिला. तिसरं गाणं त्यानंच सोडलं. मी ओठ हलवले. फीत कापणाऱ्या साहेबांसोबत फोटो काढले. दुकानदारानं मला एक जोडी भेट दिली, ती माझ्या मापाची नव्हती, तरी मी घालून दाखवली. सगळे हसले. मग गाडीत बसल्यावर दादानं दार लावलं, काच वर केली आणि म्हणाला,

"माय गेली."

"केव्हा?"

मी पुन्हा विचारलं, आणि मग मला तो मांडवाबाहेर जाताना दिसला, परत येताना दिसला.

"तू कोसळली असती," तो म्हणाला. "लोक होते."

तो रडत होता, हेही लिहिलं पाहिजे. स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता. पण मी ते तेव्हाही माफ केलं नाही आणि आताही केलेलं नाही. मी तिथं गात असते तर एक वेळ गोष्ट वेगळी होती. लोक गाणं ऐकायला आले, बाईनं ते अर्धवट टाकलं, बोभाटा झाला असता. मी गात नव्हते. गाणं माझ्याशिवाय छान चाललं होतं. त्या मांडवात माझी काडीचीही गरज नव्हती, आणि जिथं होती तिथं मी नव्हते.

मायच्या पुण्यानुमोदनाला कॉलनीतले सगळे आले. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. तिच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. वंदना सुरू झाली तेव्हा सूर कुणी धरायचा हेच कुणाला कळेना, बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. लोक तिच्याबद्दल दोन दोन शब्द बोलले. मग मावशी म्हणाल्या, "मायसाठी एक म्हण वं बाई." दादा आपले खोके आणि मिक्सर घेऊनच आला होता. मी त्याच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, दादा, आज काहीच लावू नको, मी नुसतं म्हणते. त्यानं मान हलवली. मी माईकपुढे जाऊन उभी राहिले. समोर आठ-दहा मोबाईल वर झाले.

आणि खोक्यांतून माझं गाणं सुरू झालं. प्लस.

मी वळून पाहिलं. दादाच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, भीती होती. माझा आवाज फाटेल, मी मधेच रडेन, मोबाईलवाले ते जगभर दाखवतील, याची. त्याला मला वाचवायचं होतं, आणि वाचवायची एकच रीत त्याला येत होती. त्यानं दोन बोटं स्वतःच्या ओठांवर नाचवली. तोंड हलव.

मी तोंड मिटलं.

माझा भरलेला आवाज आईला विचारत होता, मला इतक्या लांब काहून धाडतेस, आणि मी ओठ घट्ट मिटून, हात खाली सोडून उभी होते. पहिल्यांदाच मला जुळवायला काही नव्हतं, म्हणून कान मोकळे होते. कडवं संपलं, मागच्या बायकांची ओळ आली, आणि त्यात माझ्याच चढ्या आवाजाखाली मला माय ऐकू आली.

त्या दिवशी स्टुडिओत कोरसच्या बायकांपैकी दोघीच पोचल्या होत्या. माय आमचा डबा घेऊन आली होती, तर दादानंच तिला हाताला धरून माईकपुढे उभं केलं. मले नाही येत, मले नाही येत म्हणत ती उभी राहिली आणि अशी पोटातून म्हणाली की रेकॉर्डिंगवाल्यानं हसत तिला मागे सरकवलं, मग आणखी मागे, शेवटी ती दाराला टेकली. ही गोष्ट आम्हाला तिघांनाही माहीत होती, घरात तिची टिंगलही व्हायची. आणि तरी इतक्या मांडवांमध्ये, इतक्या वेळा ती माझ्या मागे म्हणत होती, रडू नोको बाई, रडू नोको वं, आणि मी माझ्याच ओठांच्या मागे होते. एकदाही ऐकलं नाही. तिच्या फोटोपुढे उभं राहून मी ते ऐकलं.

मी रडले. पण तोंड उघडलं नाही. लोकांना आधी वाटलं, हुंदका आला असेल. मग कुजबुज सुरू झाली. गाणं चालूच आहे, बाई तर गप्प उभी. दादाला बंद करायचं सुचलं नाही, की त्याचाही हात त्या ओळीवर थांबला, मला माहीत नाही. गाणं शेवटपर्यंत वाजलं.

तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. खाली लोकांनी काय काय लिहिलं तेही वाचलं असेल. खोटारडी, लबाड, आईच्या कार्यातही नाटक. कार्यक्रम पटापट रद्द झाले. दादा म्हणाला, "तू मले लोकात उघडं पाडलं." मी म्हटलं, मी फक्त गप्प बसले. तो म्हणाला, तेच. आणि त्यानंतर त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं, एका घरात राहून. काही दिवसांनी मी दोन पिशव्या घेऊन निघाले, तेव्हाही तो मिक्सरची धूळ पुसत बसला होता.

नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरला दोन खोल्या घेतल्या. जिकडे पाहावं तिकडे नवी घरं उठताहेत, कुणाला कुणाची ओळख नाही. मला तेच हवं होतं. आयुष्यातलं पहिलं सिमकार्ड मी स्वतःचा अंगठा लावून घेतलं. एवढी मोठी बाई, पण दुकानातून बाहेर पडताना शाळेच्या पोरीसारखी हरखले होते. मग रस्त्यात थांबून कुणाला तरी फोन लावावा म्हटलं, तर मला एकच नंबर पाठ होता, दादाचा. तो काही मी लावला नाही.

आता मी लहान मुलांना गाणं शिकवते. सुरुवातीला माझ्याच गळ्यातून नुसती हवा यायची. इतकी वर्षं न वापरलेला गळा, तो का म्हणून लगेच ऐकेल? रोज बसले, हळूहळू आला. पूर्वीसारखा नाही, थोडा जाडा झालाय, वरचा सूर चिरकतो. पण माझा आहे, आणि गाताना पोट हलतं. मुलांना मी कोपरानं ढोसत नाही, हल्ली आईबाप तक्रार करतात.

गेल्या हिवाळ्यात दादाचा फोन आला. मी नंबर दिला नव्हता, मावशींकडून घेतला असेल. म्हणाला, "ये. तुले कायी ऐकवाचं आहे."

गेले. घर तसंच, फक्त मायची खाट उभी करून भिंतीला लावलेली. दादा वाळला होता. दाढी पांढरी झाली होती आणि ती त्यानं रंगवली नव्हती, तेव्हा त्याचं काही ठीक नाही हे मी समजले. त्यानं फोन काढला, इयरफोनचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं, एक मला दिलं. म्हणाला, आता कॉम्प्युटरवर मिसळलेले आवाज वेगळे काढता येतात, नागपूरला करून आणलं.

आधी नुसतं शांत. मग कुणी तरी श्वास घेतला. आणि माय म्हणाली, रडू नोको बाई, रडू नोको वं. संगीत नाही, बाकीच्या बायका नाहीत, मी नाही. एकटी माय. ओळ संपल्यावर ती बारीक खोकली, आणि खोकल्यामागून हसली, आपण बरोबर म्हटलं की नाही हे कुणाला विचारावं तशी. आम्ही भाऊ-बहीण एका वायरीला बांधल्यासारखे जमिनीवर बसून ऐकत होतो. त्यानं ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं.

"हे तुलेच द्यासाठी भरून ठेवलं," तो म्हणाला आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढला. मी हात पुढे केला. त्यानं मूठ मिटली.

"एक कार्यक्रम कर. लोक इसरले आता ते. एकच. प्लसवर. तुले कायीच करा नाही लागत."

"दादा, मायले मधात नोको आणू."

"मंग कोनाले आणू?" तो एकदम ओरडला. "तू गेली, माय गेली. माझ्यापाशी आहे कोण?"

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. खरंच वाटलं. त्याच्या मुठीतून ते हिसकावून घ्यावंसंही वाटलं, आणि दोन्हीपैकी मी काहीच केलं नाही. एक कार्यक्रम केला असता तर माय माझ्या घरी आली असती. पण मी पुन्हा ओठ हलवले असते तर ती कुणाच्या घरी आली असती, तेच मला कळत नव्हतं. मी कानातला इयरफोन काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि उठले. दारात चप्पल घालताना तो मागे येऊन उभा राहिला. मूठ मिटलेलीच होती.

"हळू जाजो," तो म्हणाला. "रस्ता खराब आहे."

त्यानंतर फोन आलेला नाही, मीही केलेला नाही.

माझ्या घराच्या मागच्या बाजूला एक मंगल कार्यालय झालंय. लग्नसराईत संध्याकाळी पाठवणीच्या वेळी ते गाणं लागतंच, अजूनही लागतं. मी हातातलं काम टाकून गच्चीवर जाते आणि कठड्याला टेकून बायकांच्या ओळीची वाट पाहते. ती ओळ येते, पण दादानं भरतानाच तिथंही माझा आवाज मुद्दाम वर चढवून घेतला होता; त्याखालची माय एवढ्या लांब पोचत नाही, आणि मायच्या ओळीवर मीच गात राहते.